तांब्याच्या खुंट्या

सोलापूर, मार्च १९३४

प्रिय ईरप्पा,

तुझं पत्र मिळालं. लेथ धूळ खात पडलाय, अक्का, विकून मोकळी हो, गिऱ्हाईक मीच पाठवतो, असं तू मुंबईत बसून सुचवतोस. मोठा शहाणा! घर सोडताना त्या लेथकडे वळूनही पाहिलं नाहीस आणि आता त्याची काळजी. उत्तर देते, पण आधी इथलं ऐक.

गिरणीतल्या विजेच्या मोटारी चालू करायच्या पेटीत तांब्याच्या खुंट्या बसतात, त्यांचं काम आपल्याकडं आलं. थोड्याच हव्या होत्या, पण साधल्या तर गिरणीचं सगळं तांबेकाम आपलं, नाहीतर कारखान्याला कुलूप. आप्पांचा हट्ट तुला ठाऊक आहेच. ओतकाम हेच खरं काम, लेथवर कातणं म्हणजे चांगल्या तांब्याचा भुसा पाडणं. याच भांडणात तू गेलास. सासर सुटल्यापासून वाळू मीच चाळते, साचे मीच भरते, त्यामुळं भट्टीवर माझाही जीव आहे. पण निव्वळ तांबं ओतलं की ते आत वारा धरतं. खुंटी फोडून पाहावी तर आत सगळी जाळी.

मग आप्पांनी शकुनाचं भांडं काढलं. मोठं काम अडलं की घरातलं एक जुनं तांब्याचं भांडं मुशीत टाकायचं, ही आपली रीत. आईचं पातेलं गेलं. आणि खुंट्या अशा भरीव उतरल्या की आप्पांनी भट्टीपुढं नारळ फोडला. पुढं गिरणीतून निरोप आला, खुंट्या हात लावू देईनात इतक्या तापतात. पातेल्यावरचे वर्षानुवर्षांच्या कल्हईचे थर कुणाच्या ध्यानातच आले नव्हते! कल्हईतल्या कथलानं ओत सुधारला आणि वीज अडवली. आईचं पातेलं फुकट गेलं म्हणून मी खूप रडले.

रडून झाल्यावर लेथवरचं पोतं ओढून काढलं. एकदा शेवटची संधी द्या म्हणून गिरणीला विनवलं आणि निव्वळ तांब्याचा, ओढून आतून भरीव केलेला तयार गज आणला. लेथ फिरवायला पाय मारून मारून पोटऱ्या भरून आल्या. तांबं मेलं चिकट, हत्याराला धरून बसायचं, पहिल्या खुंट्या फाटल्याच. मग तू कातताना हत्याराच्या टोकावर दूध सोडायचास ते आठवलं. शेजारची गोजाबाई ओरडली, "लोखंडाला दूद पाजतीस व्हय गं? लई शानी की!" तरी पाजलं. आप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. पण खुंट्या गिरणीत बसल्या, थंड राहिल्या आणि पुढचं काम आलं.

काल तुझं गिऱ्हाईक, बार्शीचा निंगप्पा, दारात आला. मी उठायच्या आत आप्पाच बोलले, "लेथ इकायचा न्हाय. माज्या लेकीच्या हाताखाली हाय त्यो." तेव्हा लेथ विकणार नाही, तुलाही परत देणार नाही. पण गिरणीनं आता पितळी झाकणंही मागितलीत. ती वेड्यावाकड्या आकाराची, ओतूनच करावी लागतील, आणि आप्पांच्यानं मूस उचलवत नाही. परवा हातातून निसटता निसटता राहिली. ते तुला कधी कळवणार नाहीत, म्हणून मी लिहिते. ये. लेथवर मी असेन. तू भट्टीपाशी उभा राहायचं.

तुझीच,
दाक्षायणी अक्का