रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या आठवणींची छापील प्रत सोबत पाठवते आहे. चौतीस वर्षं कोर्टात टंकलेखक म्हणून दुसऱ्यांचे जबाब टाइप करणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर संगणकावर स्वतःचा जबाब लिहिला, तो हा. आमच्या ग्रंथालयाच्या संग्रहात नुसता साधा मजकूर घेतात. ठळक अक्षरं, सजावट काही चालत नाही. म्हणून मीच त्यांची फाइल साधी करून घेतली. बाबांना जाऊन आठ महिने झाले, आणखी उशीर नको वाटतो. तू वाचून होकार दिलास की महिनाअखेरीस जमा करीन.

आईचा गुडघा बरा आहे, पण इमारतीची लिफ्ट पुन्हा बंद. ती म्हणते, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या आईला जिने चढावे लागतात, हे त्याला कळव. कळवलं.

लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझी,
बारकी


१३ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

प्रत मिळाली. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो.

पान तेवीस. बाबा लिहितात: 'मोठा ? माझाच मुलगा ? माझ्यासारखा हट्टी.'

मी घरात कुणासारखाच दिसत नाही, म्हणून आत्या म्हणायची की हा दवाखान्यात बदलला गेलाय. सगळे हसायचे, बाबाही. पुढे टंकलेखन सोडून मी लिफ्ट दुरुस्तीची पाना-पक्कड हातात घेतली, तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलले. तेही समजू शकतो. पण आत्याची थट्टा त्यांच्या मनात प्रश्न होऊन बसली होती, हे ठाऊक नव्हतं.

जमा कर. मात्र मला त्यातून काढ. आईला यातलं काही सांगू नकोस. गुडघा शेकत जा म्हणावं.

तुझ्यावर राग नाही, एवढं जाणून असावं.

दादा


१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी एक कबुली. ती प्रश्नचिन्हं बहुधा बाबांची नाहीत. बाबांना वाक्यात मध्येच लांब रेघ मारायची सवय होती. फाइल साधी करताना संगणकाला जे चिन्ह ओळखता आलं नाही, तिथे त्याने प्रश्नचिन्ह ठोकून दिलं. सगळी मिळून दोनशे बारा आहेत. रेघ एकही उरलेली नाही. आणि मूळ फाइलही उरलेली नाही. साधी प्रत मी तिच्यावरच साठवली. ग्रंथालयात वीस वर्षं काढलेल्या बाईने.

दुसरी कबुली जड आहे. ते वाक्य मला छापतानाच खटकलं होतं. तरी पाठवलं. घाई होती, असं स्वतःला सांगितलं. पण बाबांच्या शेवटच्या दुखण्यात तू उशिरा आलास, त्याचा राग त्यात नव्हता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता तुला बरं वाटावं म्हणून 'तिथे रेघच होती' असं लिहिणार नाही. बाबांनी खरे प्रश्नही लिहिलेच असतील. कोणतं चिन्ह कुणाचं, हे कशावरून ठरवू? एवढंच दिसतं की दोनशे नऊ चिन्हांच्या आधी मोकळी जागा सुटली आहे आणि तीन शब्दाला चिकटलेली आहेत. बाबांचा हात थरथरायचा, त्याचं असेल. तू म्हणशील तर ते वाक्यच गाळते.

रागावलास तरी पत्र टाकत जावं.

बारकी


२५ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

बाबांचा हात थरथरायचा, पण जागा सोडताना नाही. तू टंकलेखन शिकली नाहीस, सुटलीस. मला त्यांनी स्वतः बसवून शिकवलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा, प्रश्नचिन्ह शब्दाला चिकटून. चुकलं की बोटांवर पट्टी. मी जेवढ्या पट्ट्या खाल्ल्या, त्यातल्या निम्म्या या एका जागेपायी. तेव्हा ती दोनशे नऊ चिन्हं म्हणजे रेघा. परत मार. पान तेवीसवरची दोन्ही त्यातलीच. भिंग घेऊन पाहिलं.

चिकटलेली तीनही शोधली. एका ठिकाणी त्यांनी आईला चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारलंय. दुसऱ्या ठिकाणी, एवढं सगळं कोण वाचणार, असं. तिसरं पान एकसष्टवर, शेवटच्या ओळीत: 'फोन मी करायचा की त्याने?'

त्या तिसऱ्याला हात लावू नकोस. ते त्यांचंच आहे. उत्तर मला येत होतं, दिलं नाही.

वाक्य गाळू नकोस, मलाही काढू नकोस. उशिरा आलो हे खरं आहे. राग ठेवायचा तर ठेव. रविवारी हत्यारांची पेटी घेऊन येतो, आईला जिने पुरे झाले म्हणावं. निघण्याआधी फोन करीन. मीच.

लोभ आहे तसा राहू द्यावा.

मोठा — त्यांचाच मुलगा