येऊ का?

६ जानेवारी, सोमवार

आलो एकदाच्या! खोडदच्या अलीकडच्या फाट्यावर एसटीतून उतरलो, तर माझ्या लेकीला, आरोहीला, आधी दिसल्या त्या दुर्बिणीच्या तबकड्या. एवढ्या मोठ्या ताटांत कोण जेवतं, असं तिने विचारलं. कंडक्टरसुद्धा हसला.

सूरजच्या वाट्याची ही एक खोली. लग्नानंतर दोनदाच आले होते इथे, तेही पाहुणीसारखी. आता तो नाही आणि मी त्याच्या गावाला राहायला आले आहे. शेजारच्या सारजाबाई, त्याच्या चुलतकाकू, यांनी खोली झाडून ठेवली होती. चुलीवर पिठलं तयार. माझी भाकरी तव्यावरच फाटली तेव्हा म्हणाल्या, “पुन्याची म्हाडम हाय, शिकंल हळूहळू.”

ग्रामपंचायतीत शिपायाची जागा निघाली आहे. अट एकच, उमेदवार गावचा हवा. सूरजमुळे माझं नाव इथल्या मतदार यादीत आहे. अर्ज दिला. ग्रामसेवक रामनाथ भाऊसाहेब भले वाटले. महिनाअखेरच्या सभेत निर्णय होईल, तोवर हंगामी म्हणून कामावर या, म्हणाले. जागा कायम झाली तर भावाच्या गॅलरीत पुन्हा अंथरूण टाकायला नको. आरोहीला ऊठ म्हणणारं कुणी नसेल अशी एक जागा मिळेल. मला एवढंच हवं आहे.

संध्याकाळी आरोही सारजाबाईंना “आजी, जाते” म्हणाली आणि बोलणी खाल्ली. जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं. आणि कुणी निघालं की आपण “या हं” म्हणायचं. “मेल्यालाबी कुनी ‘जा’ म्हनत न्हाई गं पोरी.” मग रात्री आम्ही दोघी तोच खेळ खेळलो. मी दारात उभं राहून “येऊ का?” विचारायचं, तिने मान डोलवून “या हं” म्हणायचं. हसून हसून पोट दुखलं.

९ जानेवारी, गुरुवार

काम आवडतंय. ऑफिस उघडायचं, झाडायचं, माठ भरायचा, चहा करायचा, नोटिसा वाटायच्या. भाऊसाहेब जुन्नरची गाडी धरायला लवकर निघतात. मग कुलूप माझ्याकडे.

आज मागची खोली झाडत होते. दारातून कुणी बाई म्हणाली, “येऊ का?” आवाज जरा घोगरा. दाखल्यासाठी थांबलेली कुणी निघाली असेल असं वाटलं. मान वर न करता मी “या हं” म्हटलं. बाहेर आले तर कुणी नव्हतं. दाराजवळच्या बाकड्यावर हात टेकला तर एक जागा कोमट होती. तिथे ऊन पडतं म्हणून असेल.

१५ जानेवारी, बुधवार

ती बाई रोज येते. म्हणजे निघते. कुलूप लावायच्या वेळी तोच प्रश्न, माझं तेच उत्तर, आणि बाकडं रिकामं. आधी आवाज ओट्यावरून यायचा, मग उंबऱ्यावरून. काल टेबलापाशी आला. आज मी पोचायच्या आधीच माठ भरलेला होता. झाडूच्या ओळी जमिनीवर ताज्या. किल्ली माझ्या पिशवीत.

भाऊसाहेबांना विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगितलं, ते असं:

माझ्याआधी इथे कुशाबाई होत्या. वर्षानुवर्षं हंगामीच. कायम होण्यासाठी त्यांनीही अर्ज दिला होता. रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभ्या राहून विचारायच्या, “येऊ का?” भाऊसाहेब समजायचे, बाई निघाली. म्हणायचे, “या.” पुढे कधीतरी उमगलं की ती निरोप घेत नव्हती. कायमची कामावर येऊ का, हुकूम आला का, असं विचारत होती. जागा तेव्हा मंजूरच नव्हती. पण तोंडावर नाही म्हणवेना. “या म्हणायचं सोपं पडायचं हो,” म्हणाले. गेल्या दिवाळीआधी त्या बाकड्यावर बसल्या बसल्याच गेल्या.

जागा मंजूर झाली ती त्यानंतर.

भाऊसाहेब हसल्यासारखं करून म्हणाले, तेवढं तुम्ही या म्हणू नका. मी म्हणाले नाही त्यांना, की मी रोजच म्हणते आहे.

१८ जानेवारी, शनिवार

पुण्याला परत जावं का? सभा तीस तारखेला आहे. तोवर गैरहजर राहिले तर अर्ज बाद. आणि परत जायचं ते कुठे? गॅलरीत?

सारजाबाईंना सगळं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत, मेंढी चुकली म्हटल्यासारखं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तिला न्हाई म्हन. तेवढंच ऐकायचं राह्यलंय बिचारीचं. पर नीट म्हन, तोंडावर.”

ठरवून गेले. कुलूप हातात घेतलं आणि आवाज आला, अगदी कानाशी. “येऊ का?”

इतका हळू, इतका संकोचलेला. भावाच्या दारात बॅग घेऊन उभी होते, तेव्हा माझा आवाज असाच निघाला होता. वहिनी बराच वेळ काही बोललीच नव्हती. ती शांतता मला अजून आठवते. तशी मी दुसऱ्या कुणाला देऊ?

मी ओठ मिटून घेतले. तरी “या” असं कुणीतरी म्हणालं. माझ्याच तोंडातून.

२२ जानेवारी, बुधवार

जुन्नरला गेले होते, कागदांच्या झेरॉक्स काढायला. पेठेत ऊन लई व्हतं.

होतं. ऊन फार होतं. मी असं लिहीत नाही. खोडून टाकायला हवं, पण राहू दे, दिसू दे मला.

दुकानातून निघताना मी म्हणाले, “येऊ का, भाऊ?” घोगरं. दुकानदार वर न बघता म्हणाला, “या मावशी.” मी चौतीस वर्षांची आहे. काल-परवापर्यंत सगळे ताई म्हणायचे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला सगळी तयारी मी केली म्हणे. मला आठवत नाही.

भाकरी आता टम्म फुगते. आरोही खूश आहे. आई, तू आता किती छान करतेस, असं म्हणाली आणि गळ्यात पडली. मी तिला धरायला गेले, पण हात आधीच तिच्या पाठीवर होते. जून, खरबरीत —

कनवटीला मिश्रीची डबी सापडली. मी फेकली. संध्याकाळी पुन्हा तिथेच.

आज मोठ्याने म्हणून पाहिलं, नाही. नाही. न्हाई. पण कुणाला म्हणायचं? दारात आता कुणी येत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

सभा झाली. त्यांनी विचारलं, मी बोलले — बोलत व्हते. कुठल्या आळीचा व्हॉल्व कुठे, कुणाची पट्टी कोण भरतं, सगळं. सरपंच हसले, ही तर आपल्या गावचीच. जागा कायम.

मग माझं तोंड उघडलं. “मग येऊ का?”

सगळे म्हणाले, “या, या!” टाळ्यासुद्धा —

सगळे निघाले. मी बाकड्यावर बसले होते. आणि मी उठले, पदर खोचला, कुलूप घेतलं, दार लावून निघून गेले. मी मला पाठमोरी जाताना पाहिलं. पिशवी तिच्या खांद्यावर. ही वही तेवढी बाकड्यावर राहिली.

दार बंद होतं. तरी मी ओट्यावर आले, वही हातात. कशी ते —

संध्याकाळ

घर. दार उघडं. चुलीपुढे माझी साडी, माझी पाठ. आरोही मांडीला मांडी लावून जेवते आहे. घास त्या बाईच्या हातून. काहीतरी सांगते आहे, हसते आहे. आता तिला कुणी ऊठ म्हणणार नाही.

आरोही म्हणून हाक मारायला गेले. तोंडातून दुसरंच आलं. एवढेच शब्द माझ्याकडे उरले आहेत.

“येऊ का?”

आरोहीने वळून पाहिलं. पावण्याकडं पाहावं तसं. मान डोलवली, मी शिकवली तशीच. “या हं,” म्हणाली.

आणि उठून दार लावून घेतलं. कडीसुद्धा.

मी उंबऱ्यात आहे. पुन्हा विचारते. एकदाच. येऊ का, आरो —