उमरीच्या पलीकडे

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आज सीमोल्लंघन ठरलं. घटस्फोटाचे कागद पावसाळ्यातच हातात आले, तरी गल्लीतले लोक आपटा देताना अजून आजारी माणसाला भेटायला आल्यासारखं तोंड करतात. मी आजारी नाही. मोकळा आहे.

निश्चय: दिवाळीच्या सुट्टीत एकट्यानं समुद्र पाहायचा. बावीस वर्षं नववीला भरती-ओहोटी शिकवतोय, समुद्र पाहिलेला नाही. गरजही नव्हती. शिल्पा दर सुट्टीत समुद्र समुद्र करायची, मी म्हणायचो पुस्तकात चांगली आकृती आहे. पण हीच बाई कोर्टात समुपदेशक मॅडमना म्हणाली, मॅडम, ह्यांना एकट्यानं उमरीलासुद्धा जाता येत नाही. उमरी! नांदेडच्या अंगणात असल्यासारखं गाव. मॅडम हसल्या. ते हसू मी परत घ्यायला लावणार आहे.

५ ऑक्टोबर

तिकीट काढलं. नांदेड ते पनवेल, पुढं बसनं अलिबाग. स्लीपरच. एसीत बसणाऱ्यांना देश कळत नाही.

स्वतः काढलं. म्हणजे आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा शहेबाज आहे, बटणं त्यानं दाबली. मार्गदर्शन माझं. मध्येच तो म्हणाला, सर, तुम्ही जरा गप बसून राहिले तर लवकर होईल. आजकालच्या शिक्षकांना भाषा नाही. वेटिंग मिळालं. होईल कन्फर्म, असं मी त्याला सांगितलं.

गाडी लातूरवरून जाते. शिल्पा आता लातूरला असते, क्लासच्या पोरांसाठी मेस चालवते. यात माझा काही हात नाही. रूळ मी टाकलेले नाहीत. लातूर आलं की खिडकीतून बघायचं नाही. दारात उभं राहायचं. ते हवेसाठी.

१३ ऑक्टोबर

बॅग बर्थला बांधायची साखळी आणि कुलूप आणलं. यूट्यूबवर सोलो ट्रॅव्हलचे व्हिडिओ पाहिले. पंचविशीतली पोरं कॅमेऱ्याला सांगतात की एकट्यानं फिरलं की स्वतःची ओळख होते. माझी स्वतःशी जुनी ओळख आहे.

स्टाफरूममध्ये सहज विषय काढला. वर्षाराणी मॅडमनी विचारलं, सोबत कोण आहे? कुणी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, अगं बाई, मग सरांना उठवणार कोण? सगळे हसले. २०१६ च्या सहलीत मी बसमध्ये झोपून राहिलो आणि बस डेपोत गेली, ते हे लोक अजून चघळतात. चाळीस मुलांमागे धावलेला माणूस झोपणारच. यांच्या आयुष्यात दुसरं काही घडलेलं नाही.

२६ ऑक्टोबर

स्टेटस टाकलं. बॅगेचा फोटो, खाली एकच शब्द: सोलो. शिल्पानं पाहिलं. लिहिलं काही नाही. जळली असणार.

२७ ऑक्टोबर, सोमवार. दुपार

चार्ट लागला. आरएसी. शहेबाजला फोन केला. म्हणाला, सर, बर्थ अर्धा मिळाला. साइड लोअरवर दोघं बसून जायचं.

एकट्याच्या प्रवासाला दुसरा माणूस रेल्वेनं दिला. ठीक आहे. मनानं एकटा असणं महत्त्वाचं.

संध्याकाळ, गाडीत

दुसरा माणूस म्हणजे अण्णाराव. बिलोलीला बी-बियाण्याचं दुकान. मी बसायच्या आत त्यांची पिशवी माझ्या अर्ध्यात. मी सीमारेषा दाखवली. ते म्हणाले, सर, दिवसा रेष हाय, झोपेत कुणाचा पाय कुठं जाईल ते काय सांगता येत न्हाई. मग गूळशेंगा पुढं केल्या. नाही म्हणालो. नंतर थोड्या घेतल्या, भूक होती म्हणून.

मी मुद्दाम गाडीच्या दिशेला तोंड करून बसलो. प्रवासात दिशा माहीत असली पाहिजे. डब्यात एकालाही आपण कुठल्या दिशेला चाललोय ते सांगता येणार नाही, पैज लावतो. भाकरी, लोणचं, फोन, झोप. जनावरं हाकल्यासारखी चाललीत. मोबाइल पलीकडच्या सॉकेटला चार्जिंगला लावलाय. बॅग साखळीनं बांधली. किल्ली शर्टाच्या खिशात, रोजनिशी खांद्यावरच्या शबनममध्ये.

रात्र

परभणीनंतर जरा डोळा लागला. परळी कधी गेली कळलं नाही. जागा झालो तेव्हा गाडी लातूर रोडला उभी होती. लातूरला आम्ही कायम एसटीनं जायचो, त्यामुळं हे स्टेशन नवीन. खाली कुणीतरी इंजिन सोडतंय. केस विंचरले. आता पुढचं लातूरच. दारात उभं राहायचं आहे, हवेसाठी.

गाडी हलली. उलटी!

दोनदा खात्री केली. मघाशी माझ्या तोंडाच्या दिशेनं जाणारी गाडी आता पाठीच्या दिशेनं चाललीय. गाडी परत नांदेडला निघालीय आणि अख्खा डबा घोरतोय. अण्णारावांचे पाय माझ्या मांडीवर. त्यांना उठवणार होतो, मग म्हटलं राहू दे. उजाडल्यावर नांदेडला उठतील तेव्हा कळेल, भूगोल कशाला शिकायचा असतो. कुलूप उघडत नाहीये. गाडी वेग घेईल. उतरतो.

लातूर रोड, फलाट

उतरलो. जमिनीवर पाय टिकले. या वयात.

चहावाल्याला विचारलं, पनवेलची गाडी आता कधी? तो म्हणाला, आत्ता गेली की, तुम्ही उतरलाव तीच. इंजिन हितं मागचं म्होरं करत्यात, लातूर तिकडं हाय.

बॅग समुद्राला गेली. मोबाइलही. किल्ली माझ्याकडं आहे.

चहावाल्याचा फोन मागून घेतला. पाठ असलेला नंबर एकच. रात्रीचं कुणाला उठवणं मला आवडत नाही, पण इलाज नव्हता. शिल्पाला म्हटलं, मी तांत्रिक कारणानं लातूर रोडला आहे. ती म्हणाली, गाडी उलटी चालली म्हणून उतरलात ना? ही बाई मला किती ओळखते याची चीड आली. म्हणाली, तिथंच बसा. हलू नका. कुणाशी वाद घालून राहू नका.

थोड्या वेळानं चहावाल्याच्या फोनवर तिचाच फोन. माझ्या मोबाइलवर करून तिनं अण्णारावांना उठवलं होतं. येताना ते बॅग आणि मोबाइल नांदेडला आणून देणार. अण्णारावांनी विचारलं म्हणे, सर येत नसतील तर पाय लांब करू का? आता त्यांना बर्थ पूर्ण.

२८ ऑक्टोबर, पहाट, तिथंच

लातूर इथून फार लांब नाही. तिनं हलू नका म्हटलं, म्हणजे ती येणार. नळावर तोंड धुतलं. शर्ट खोचला. आली की काय बोलायचं ते ठरवून ठेवलं: आधी रागावायचं नाही, समुद्राचा विषय आपणहून काढायचा, म्हणायचं की दोघांनी जाऊ. मित्र म्हणून.

उजाडल्यावर चहावाल्यानं फोन आणून दिला. ती म्हणाली, मेसमध्ये सकाळचा नाश्ता आहे, मी येणार नाही. परभणीची गाडी येईल ती धरा, तिथून नांदेडची. आणि झोपू नका. मी विचारलं, आलीस तर काय बिघडेल? ती शांतपणे म्हणाली, दयानंद, आता माझं ते काम राहिलेलं नाही.

वाईट वाटलं. चहा पुन्हा घेतला, तोही बेकार होता.

२८ ऑक्टोबर, दुपार, परभणीहून निघालेल्या गाडीत

जागा मिळाली, खिडकीची, पूर्ण. झोपू नका म्हणे! मी नववीतला मुलगा आहे का? तासाभराचा तर रस्ता. उघड्या डोळ्यांनी जाणार आणि घरी पोचल्यावर तिला कळवणारही नाही. तरी हिशेबानं पाहिलं तर लातूर रोडपर्यंत मी एकट्यानं गेलोच. उमरीपेक्षा ते कितीतरी लांब आहे. पूर्णा गेली. ऊन छान आहे.

२८ ऑक्टोबर, संध्याकाळ

नांदेडच्या पुढचं मुदखेडही गेल्यावर कुणीतरी खांदा हलवला. म्हणाला, बाप्पा, कुठं उतरायचं हाय? उतरलो तेव्हा समोर पिवळी पाटी होती. उमरी.

एकट्यानं. कुणाच्याही मदतीशिवाय. कोर्टातलं विधान आज पुराव्यासकट खोटं पडलं. फलाटावर समुपदेशक मॅडम हव्या होत्या.

बाकावरच्या म्हाताऱ्याचा फोन मागून शिल्पाला कळवलं, मी उमरीला पोचलो, एकटा. ती म्हणाली, कशाला?

मग ती हसायला लागली. बऱ्याच वर्षांनी ऐकलं ते हसू. मीही हसणार होतो, पण ती लगेच थांबली आणि नांदेडची गाडी कुठल्या फलाटावर येते ते म्हाताऱ्याला विचारायला सांगितलं. म्हणाली, या खेपेला बसू नका. उभ्यानंच जा.

गाडीत जागा भरपूर आहे. दाराशी उभा राहून लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय.