चहानं उतरणारं डोकं

माझ्या इस्त्रीवाल्या आत्यास,

काल घरात सगळ्यांचीच डोकी एकदम ठणकायला लागली. वास कसलाच नव्हता. धाकटी म्हणाली, “आई, बाहेर गेलं की बरं वाटतं गं.” तशी मी सगळ्यांना हाताला धरून बाहेर काढलं. गॅस गिझरचा विषारी वायू आत कोंडला होता.

तुझं दुकान आठवलं. थंडीत दारं लावून पेटवलेल्या कोळशाच्या इस्त्र्या, तुझी गाणी, आमची जड डोकी. “जा गं भवान्यांनो, चहा ढोसून या!” समोरच्या टपरीवर दोन घोटांत डोकं उतरायचं आणि आम्ही चहाचे गुण गायचो.

तू मात्र काम टाकून कधी उठली नाहीस. तुझा कप आम्ही प्रेमानं आत आणून द्यायचो. तू गेलीस त्या दिवशीही.

तुझीच,
भवानी भाची