तुम्ही अर्धी सोडलेली लेथ

प्रिय बाबा,

लिहायचं नव्हतं. पण भिवापूरच्या देवरावभाऊंची लेथ मशीन आज एकदाची दुरुस्त होऊन गेली आणि ज्याच्यावर चिडायचं, तो माणूसच वर्कशॉपमध्ये नाही. म्हणून हे पत्र.

तिची गाडी ज्या पट्ट्यांवर सरकते, त्या झिजल्या होत्या. तुम्ही अर्धं काम केलंत आणि गेलात. तेरवीनंतर देवरावभाऊ हिंगण्याला आपल्या वर्कशॉपमध्ये आले. म्हणाले, "ताई, राहू द्या आता. भंगारात देऊन टाकतो." मीच थांबवलं. म्हटलं, रॉड पकडणाऱ्या चकाजवळ जास्त झीज होती, ते बाबांनी केलंय. उरलेलं मी करते.

सरळपट्टीला निळा रंग लावून ती त्या पट्ट्यांवर फिरवली. जिथं निळं लागतं तो भाग उंच, तेवढाच पात्यानं खरवडायचा, हे तुम्हीच शिकवलेलं. तुमच्या भागात निळं फक्त कडांना लागलं. मध्ये कोरडं. वाटलं, माझंच चुकलं. पुसून पुन्हा लावलं. तेच.

मोतीबिंदू काढून घ्या म्हणून किती मागे लागले होते मी! तुमचं एकच, "काहून डोकं खाऊन राहिली? मले बोटानं समजते." समजलं का बाबा? आधीच खोल गेलेला भाग तुम्ही आणखी खरवडत बसलात. मी शेजारच्याच टेबलावर होते. एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?

आता सगळंच पुन्हा करणं आलं, तुमचा भागसुद्धा. त्यावर तुमच्या पात्याच्या शेवटच्या खुणा होत्या. माझा हातच उचलेना. घरी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "खरवड वं. त्यायले मशीन सरळ पाहिजे होती, खुणा नाही."

खरवडल्या. खांदे भरून आले. तुमच्यावर चिडत होते, मधेच रडतही होते.

आज देवरावभाऊंनी स्वतः त्या लेथवर एक रॉड कातून दोन्ही टोकांना जाडी मोजली. सारखी भरली. खूश होऊन तुमचीच आठवण काढत म्हणाले, "शेवटी भाऊचा हात तो भाऊचाच." मी दातओठ खात त्यांना चहा दिला.

हे एक काम तुमच्या नावावर राहू देते. पुढचं मशीन मात्र माझं, आणि कोणी विचारलं तर तसंच सांगेन. शिवाय या महिन्यात आईचे डोळे दाखवून आणते, अगदी ओढत न्यावं लागलं तरी. तिचंही आता सुरू झालंय, "मले दिसते ना सारं."

तुमची वैतागलेली,
सुमन