एकोणतिसाचे एकोणचाळीस

६ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ. (चौतिसाव्या वर्षीही तुला चि. लिहिते, हरकत असल्यास लेखी कळव.)

पत्र अशासाठी, की तू फोनवर सांगतेस ते एका कानातून शिरतं आणि बटण सापडेपर्यंत दुसऱ्यातून निघून जातं. कागद वहीत चिकटवता येतो. तुझ्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना तू संगणक शिकवतेस, त्यात घरची एक विद्यार्थिनी धर.

मुख्याध्यापकांच्या हुकमावरून मी नववी ब च्या भूगोलाच्या गुणांचा तक्ता संगणकावर केला आणि वर्गातल्या बेचाळीस मुलांना बघायला पाठवला. तो कुणालाही बदलता येत होता, हे आठ दिवसांनी कळलं. तिजोरी दाखवायला नेली आणि किल्ली तिलाच लटकवून आले. लगेच सगळे पेपर काढून ताळा केला. एकेचाळीस जणांचे गुण जसेच्या तसे. एका मुलीचे पेपरवर एकोणतीस, तक्त्यात एकोणचाळीस. तिसऱ्या बाकावरची, विचारल्याशिवाय न बोलणारी. विचारलं, तर म्हणाली की मी काही केलं नाही. मी तिला वर्गासमोर उभं करून सुनावलं की दहा गुणांची चोरी आणि दहा तोळ्यांची चोरी यांत फरक फक्त वजनाचा असतो. वाक्य चांगलं जमलं होतं.

आता चौकशी होईपर्यंत तिला वर्गाबाहेर काढलंय, ती ग्रंथालयात एकटी बसते. अठरा तारखेला चौकशी आहे. आरोप ठरला तर तिच्या दाखल्यावर शेरा जाईल, आणि पुढच्या प्रत्येक शाळेत तो तिच्याआधी पोचेल.

तक्ता बंद कसा करायचा ते कळव. काका बरे आहेत. लोभ आहेच, वाढवलास तर नाही म्हणणार नाही.

तुझी मावशी

८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही वकील झाली नाही म्हणून कितीतरी माणसं आज तुरुंगाबाहेर आहेत.

तक्ता उघड. वर उजव्या कोपऱ्यात शेअरचं बटण आहे. तिथे ‘बदलू शकतात’ असेल ते ‘फक्त पाहू शकतात’ कर. पुढच्या वेळी काहीही मुलांना पाठवण्याआधी काकांच्या फोनवर उघडून एक आकडा बदलायचा प्रयत्न कर. बदलला, तर पाठवू नकोस.

आता तू न विचारलेलं सांगते. असा तक्ता प्रत्येक बदल लक्षात ठेवतो. फाइलच्या यादीत ‘आवृत्ती इतिहास’ म्हणून आहे, ते दाब. कोणता आकडा, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुणाच्या खात्यावरून बदलला, सगळं दिसेल. मुलांना शाळेने खाती दिलेली आहेत, तेव्हा नावासकट. साक्षीदार टेबलावर बसलेला असताना तू आरोपीलाच विचारत राहिलीस. चौकशीआधी बघ. काकांना नमस्कार. राग थोडका, लोभ फार असू दे.

तुझी ठकू

११ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तक्ता बंद झाला. काकांनी पाऊण तास आकडा बदलायचा प्रयत्न केला. हरले, पण सुखात होते.

इतिहासही बघितला. गुरुवार, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, एकोणतिसाचे एकोणचाळीस. नाव माझं.

क्षणभर चष्मा पुसला. मग उलगडलं. मी शिक्षकांच्या खोलीतला संगणक चालू ठेवून चहाला जाते, हे साऱ्या शाळेला ठाऊक आहे. मुलगी आत आली, माझ्या खुर्चीत बसली आणि माझ्या नावाने काम उरकून गेली. म्हणजे चोरीवर तोतयेगिरी! मुख्याध्यापकांना सांगितलं. आरोप एकाचे दोन झाल्याने त्यांनाही प्रकरण भक्कम वाटतंय.

तुझ्या आईला सांग, वकील नाही तरी सरकारी पक्ष मी एकटी चालवते आहे. लोभात घट नको.

तुझी मावशी

१३ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि., पण आज घाईत.

गुरुवारी अकरा बेचाळीसला ती मुलगी कोणत्या तासाला होती? हजेरी बघ. तू कुठे होतीस? वेळापत्रक बघ. आणि चोरायचेच असतील तर माणूस चार-पाच गुण चोरतो. बरोब्बर दहा का? तुझ्या पेपरात दहा गुणांचा प्रश्न कोणता होता? पेपर पुन्हा काढ. पहिलं पान नको, सगळी पानं बघ.

चहाला उठताना पडदा कुलूपबंद करत जा, दोन बटणांचं काम आहे. ती सवय असती, तर तो तोतया तुझ्या डोक्यातही आला नसता.

रागावू नकोस. रागवायचंच असेल तर आधी पेपर बघ. लोभाचं नंतर बोलू.

तुझी ठकू

२४ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ., आणि एक नमस्कारही. ठेवून घे.

रागावले. मग पेपर बघितला.

त्या वेळी मुलगी गणिताच्या तासाला फळ्यापाशी उभी होती, सगळ्या वर्गाच्या डोळ्यांसमोर. माझा तास मोकळा होता. दहा गुणांचा प्रश्न नकाशाचा. तिची पुरवणी उलटी बांधली गेली होती, म्हणून पहिल्या तपासणीत माझ्या नजरेतून सुटली. गुरुवारी सापडली. मी नकाशाला दहापैकी दहा दिले, खाली ‘उत्तम’ लिहिलं, तक्त्यात बेरीज सुधारली आणि पेपरच्या पहिल्या पानावरचे एकोणतीस तसेच सोडून चहाला गेले, आणि चहाबरोबर ते सगळं विसरूनही गेले. तेच पहिलं पान मी पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवत फिरत होते.

मुख्याध्यापक म्हणाले की संगणकात बिघाड होता असं लिहू, बोभाटा नको. मी त्यांना म्हटलं की या प्रकरणात खरं दोघांनीच सांगितलं, त्या मुलीने आणि संगणकाने. एकीला आपण बाहेर बसवलं, आता दुसऱ्याला बिघडलेला ठरवायचं? त्यांनी चौकशी रद्द केली. शेरा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला वर्गात आणलं आणि तो इतिहास मोठ्या पडद्यावर लावला. शेवटच्या बाकालाही वाचता येईल एवढी अक्षरं केली. माझं नाव, माझी वेळ. सांगितलं की चूक माझी, आरोप माझा, आणि शिक्षा हिने भोगली. मी तिची माफी मागितली. मागून कुणीतरी विचारलं की आता बाई ग्रंथालयात बसणार का. प्रश्न रास्त होता. त्या दिवशीचे माझे मोकळे तास मी तिथेच काढले. खुर्ची कडक आहे.

मुलीने पडद्यावरची ओळ वाचली. मग पेपरवरचे एकोणतीस खोडून सही करा म्हणाली. केली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. तो प्रश्न ऐच्छिक आहे, मी उत्तर मागितलेलं नाही.

तिचे बुडलेले धडे मी रोज मधल्या सुट्टीत घेते. काल तिने मला मध्येच थांबवलं आणि फळ्यावरचा माझा आकडा चुकलाय म्हणाली. चुकलेला नव्हता. पण मी खडू खाली ठेवला, पुस्तक उघडलं, तिच्या शेजारी बसून पहिल्यापासून मोजला आणि मगच तोंड उघडलं.

लोभ मागायची माझी बाजू सध्या लंगडी आहे. तरी मागते.

तुझी मावशी