गवंड्याकडून शिकलेली जर्मन

माग्लाय,
मंगळवार, दुपार

अतिशय आदरणीय आणि त्याहून लाडक्या हातिजा मावशीला,

अल्मासाचा सलाम, दोन्ही गालांचा एकेक पापा आणि गुडघ्याची वेगळी विचारपूस. गुडघा कसा आहे? रक्तदाब? बाल्कनीतली जिरेनियमं? (क्रम चुकला असेल तर माफ कर. आई म्हणते, तुझ्याकडे आधी जिरेनियमची चौकशी करायची आणि मग माणसांची.) इकडे आम्ही दोघी खुशाल आहोत. आई जरा कमी खुशाल, मी जरा जास्त, सरासरी ठीक येते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला तिसऱ्याच वाक्याला अडवून मुद्दा काय ते विचारतेस. चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या नर्सची ती सवय आहे, मी समजू शकते, आता मीही नर्स आहे. पण या हकिगतीचा मुद्दा तिसऱ्या वाक्यात येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

तर मावशी, मी चालले. व्हिसा आला. येत्या रविवारी दुपारी बाराची जर्मनीची बस. पार उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावात, हॉस्पिटलचा म्हाताऱ्यांचा वॉर्ड, हॉस्टेलमध्ये मला एक खोली, खोलीला दार, दाराला किल्ली आणि ती किल्ली माझी. तुला हसू येईल, पण एकवीस वर्षांत माझ्याकडे कधी किल्ली नव्हती. आमच्या घराला कुलूप लागतच नाही, कारण आई कायम घरात. आणि समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, नेउमला, तोही बस लागल्यामुळे पिशवीत तोंड घालून. आता रोज ड्यूटी संपली की चालत जाऊन बघणार. गेले तीन दिवस मी बॅग भरते, रिकामी करते आणि पुन्हा भरते. आई म्हणते, बॅगेतले कपडे प्रवासाआधीच झिजतील.

एकटी चालले, हेच आईला खुपतंय. माझ्या वर्गातल्या मुली जोडीजोडीने गेल्या, मला जे गाव मिळालं तिथे आणखी कुणाला जागा नव्हती. आईने हॉस्पिटलला पत्र लिहायचा हट्ट धरला होता की, मुलीबरोबर स्वयंपाकाला एक अनुभवी बाई घेता का. अनुभवी बाई म्हणजे कोण, ते तू ओळखलंस. मी ते पत्र टाकलं नाही. (ते अजून माझ्या कपाटात आहे. आईला वाटतं, जर्मन लोक उत्तर द्यायला वेळ लावतात.)

पण खरी हकिगत भाषेची आहे. तुला माहीतच आहे, परीक्षा पास झाल्याशिवाय तिकडे कुणी थर्मामीटरलाही हात लावू देत नाही. मी झेनित्साच्या वर्गाला नाव घातलं होतं. बाई उत्तम शिकवायच्या. अकराव्या धड्यात भविष्यकाळ सुरू झाला, तो त्यांनी अर्धा शिकवला आणि पुढच्या सोमवारी स्वतःचा भविष्यकाळ बघायला जर्मनीला निघून गेल्या. वर्गाच्या दारावर चिठ्ठी होती, तीही अगदी शुद्ध जर्मनमध्ये. आम्ही नऊ जणांनी मिळून ती वाचली, तेव्हा कुठे कळलं की वर्ग बंद झालाय.

मग राहिले कुंपणापलीकडचे रासिम-उस्ता. आठवतात ना? गवंडी, म्हणून तर उस्ता, बावीस वर्षं जर्मनीत भिंती बांधून आलेले. गेल्या बैरामच्या सणाला तू त्यांच्या ताटातली गोड हुरमाशित्सा उचलून घेतलीस म्हणून दिवसभर तुझ्याशी बोलले नाहीत ते. त्यांच्या मधुमेहाचं सगळं माझ्याकडे आहे, नर्सिंगच्या शाळेत होते तेव्हापासून. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे इन्सुलिनच्या पेनावरचे आकडे दिसत नाहीत, आणि बोटं सिमेंटने इतकी बधिर झालीत की पेनाची कळ फिरवताना होणारी टकटक मोजायला जावं तर तेही जमत नाही. म्हणून रोज सकाळी सातला, पावाचा तुकडा तोंडात जायच्या आत, मी कुंपणावरून जाते, टोचते, पाय बघते, शिव्या ऐकते आणि परत येते. वर्ग बंद पडल्याचं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, बावीस वर्षांची जर्मन माझ्या डोक्यात गंजत पडलीय, घेऊन जा.

मावशी, ती जर्मन गवंड्याची होती. वाळू, चुना, थापी, ओळंबा, परांची, घमेलं या सगळ्याला शब्द होते, आणि घमेल्याला तर तीन. शरीराचे मात्र फक्त चेंगरणारे अवयव त्यांना येत होते: बोट, गुडघा आणि कंबर. बाकीचं शरीर त्यांनी स्वतः बांधून दिलं. पाठीचा कणा म्हणजे भार घेणारा खांब. बरगड्या म्हणजे परांची. डोकं म्हणजे छप्पर, आणि ताप आला तर छप्पर तापलंय. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. क्रियापदं म्हणशील तर धर, उचल, सरक आणि 'हळू, गाढवा', तेवढीच. 'कृपया' हा शब्द मी विचारला, तर ते खूप वेळ आठवत बसले आणि म्हणाले, परांचीवर तो कुणी वापरत नसे, वाक्य संपेपर्यंत वीट खाली पडायची.

अशी तयारी करून मी सारायेवोला पहिल्या परीक्षेला गेले. लेखी बरं गेलं. तोंडी परीक्षेत एक सडपातळ, चष्मेवाले परीक्षक पेशंट झाले होते. मला त्यांना बिछान्यातून उठवून चार पावलं चालवायचं होतं आणि ते मुद्दाम नाही म्हणत होते. मी घाबरले, आणि घाबरल्यावर माणसाच्या तोंडून मनापासून शिकलेलंच बाहेर येतं. मी त्यांना म्हणाले, "चल, ऊठ रे. दिवसभर इथेच लोळणार का? माल वर कोण नेणार, तुझा बाप?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठले मात्र लगेच, हे मी मुद्दाम सांगते. निकालाच्या कागदावर लिहिलं होतं: शब्दसंग्रह अनपेक्षित, सौजन्य शून्य. नापास.

बसमध्ये झेनित्सापर्यंत रडले, तिथून पुढे भूक लागली. घरी आईने पालकाचं सारण भरून पिता भाजली होती आणि ती इतकी आनंदात होती की तिला स्वतःलाच लाज वाटून ती सारखी स्वयंपाकघरात जात होती. तिचं मी समजू शकत होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उस्तांकडे गेले, निकाल सांगितला, तर ते म्हणाले, "बरं झालं." एवढंच. दंड पुढे केला, मी टोचलं. त्या दोन शब्दांत त्यांनी काही लपवलं नव्हतं. मी पेन पुसत होते आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं की हा माणूस सात महिने रोज एक तास बसून मला जे शिकवतोय, ते मला आलं की त्याला सकाळी सातला टोचायला कुणी उरणार नाही. मला हे आधी सुचलंच नव्हतं. (नर्सला सुचायला हवं होतं, असं तू म्हणशील. म्हण.) त्या दिवशी मी त्यांचे पाय न बघताच परत आले, दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतरच्या सकाळी ते कुंपणाशी उभे होते. दाढी केलेली, स्वच्छ सदरा. मला वाटलं, कुणी गेलं. म्हणाले, "पोरी, रात्रभर आठवत होतो. सौजन्य सापडलंय. वही काढ."

सौजन्य म्हणजे त्यांची घरमालकीण. पहिली नऊ वर्षं ते एका विधवा बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहिले होते. त्या बाई त्यांच्याशी नऊ वर्षं अत्यंत अदबीने बोलल्या आणि यांनी नऊ वर्षं नुसती मान हलवली. पण कान चालू होते. ती सगळी वाक्यं त्यांनी आता एकेक करून बाहेर काढली. 'आपण कृपा करून बूट दाराशीच काढाल का.' 'आपली हरकत नसेल तर आंघोळ शनिवारी सहानंतर केलेली मला आवडेल.' 'मला आपल्याला त्रास द्यायचा नाही, पण आपण पुन्हा जिन्यात गात आहात.' मावशी, इतकी सुंदर भाषा मी कधी ऐकली नव्हती. उस्ता ती म्हणताना खुर्चीत ताठ बसत, हात मांडीवर, आवाज बारीक. आई कपडे वाळत घालता घालता थांबून ऐकायची. (एकदा तिने मला विचारलं की उस्ता नमाज पढतायत का.) अडचण एवढीच होती की सौजन्याची जेवढी वाक्यं होती, ती सगळी बूट, आंघोळ आणि गोंगाट यांच्याविषयी होती.

दुसऱ्या परीक्षेला तेच चष्मेवाले. मला बघून त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली. या वेळी ते गोळी न घेणारे पेशंट होते आणि त्यांची समजूत घालायची होती. गोळीविषयी सौजन्याचं एकही वाक्य माझ्याकडे नव्हतं. मग जे होतं ते मी म्हणाले: "आपण कृपा करून बूट काढाल का?" आणि मावशी, त्यांनी काढला. घरमालकिणीच्या त्या आवाजाला नाही म्हणणं कुठल्याही माणसाला शक्य नाही. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. आता बूट निघालाच आहे, तर पुढे काय करायचं हे माझ्या हातांना पाठ आहे. मी खाली बसले, मोजा उतरवला, टाच बघितली, बोटांच्या बेचक्या बघितल्या, त्वचा गरम आहे का ते पाहिलं, आणि रोज उस्तांशी बोलते तसं बोलत राहिले, अर्धं गवंड्याचं, अर्धं मालकिणीचं: इथे दाबते, कळतंय का आपल्याला, खांब सरळ ठेवा, आपली हरकत नसेल तर ही भेग मलम लावल्याशिवाय सोडू नका, आणि ती गोळी याच भेगेसाठी आहे. भेग खरीच होती. ते खूप वेळ स्वतःच्या टाचेकडे बघत राहिले. मग विचारलं, दिवसातून किती वेळा लावायचं? मी सांगितलं, दोनदा. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि मी पास झाले.

हॉस्पिटलच्या मेट्रननी मुलाखत कॉम्प्युटरवर घेतली. आईने कॅमेऱ्यासमोर तीन प्रकारच्या पिता मांडून ठेवल्या होत्या आणि स्वतः टेबलाखाली बसली होती, एक शब्द कळत नसताना. मेट्रननी विचारलं, बिछान्याला खिळलेल्या म्हाताऱ्याला कसं उभं करशील. मी म्हणाले, आधी खालून टेकू द्यायचा, मग खांबाचा अंदाज घ्यायचा, आणि छप्पर शेवटी सरळ करायचं. मग त्यांनी विचारलं, ही भाषा कुठे शिकलात. खोटं कशाला बोला, मी म्हणाले, बांधकामावर. त्यांना हसू आवरेना. शेवटी म्हणाल्या, आमच्या वॉर्डात तीस म्हातारे आहेत, त्यांतले निम्मे आयुष्यभर गवंडीकाम केलेले, तुम्ही याच. टेबलाखालून आईने माझा पाय घट्ट धरला. तिला शब्द कळले नव्हते, पण हसणं कळलं होतं.

तर अशी मी चालले, मावशी. आनंद इतका आहे की तो कुठे ठेवावा कळत नाही, आणि बॅगेत जागा नाही. तू काळजी करू नकोस, स्थानकावर निरोपाला येऊ नकोस, तुला गुडघ्याचा त्रास. फक्त आशीर्वाद दे.

तुझी भाची,
अल्मासा (आता सिस्टर अल्मासा, निदान पाकिटावर तरी तसं लिहीत जा)

ता. क. निरोपाला येऊ नकोस म्हटलं, पण त्यानंतर आमच्याकडे राहायलाच आलीस तर बरं होईल. उस्तांचं इन्सुलिन सकाळी सातला. डाव्या टाचेकडे जास्त लक्ष. दवाखान्याची सिस्टर आठवड्यातून एकदाच येऊ शकते, आणि आईला रक्त दिसलं की ती स्वतःच आडवी होते. तुला तिथे तुझ्या तिसऱ्या मजल्यावर जिरेनियमशिवाय टोचायला कुणी नाही. आई एकटी, तू एकटी, उस्ता एकटे. विचार कर.

ता. क. २ खरं सांगायचं तर विचार करू नकोस. तू हो म्हणालीस असं मी दोघांनाही दहा दिवसांपूर्वीच सांगून टाकलंय. आईने पुढच्या खोलीला चुना लावला आणि जिरेनियमसाठी खिडकीत फळी ठोकली. ती गाणं म्हणत होती.

ता. क. ३ उस्ता आत्ता आले. पत्र वाचून दाखव म्हणाले, दाखवलं. "बरं झालं" ते वाक्य काढून टाक म्हणाले. मी काढलं नाही. मग पेन मागितलं. पुढचं त्यांच्या हातचं आहे, अक्षर लागत नसेल म्हणून खाली मी परत लिहिते:

"हातिजाबाई, यायचं तर या. पण पोर गेल्यावर दोन दिवस जाऊ द्या. ते दोन दिवस मी कुणाशी बोलणार नाही."

मावशी, इन्सुलिन दोन दिवस चुकवता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. तू रविवारी संध्याकाळीच ये. सोमवारी सातला जा, टोच, पाय बघ, आणि काही बोलू नकोस.